‘द लंचबॉक्स’: चुकलेल्या डब्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एका शनिवारी प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवतात. सिनेमा निवडायचा, खुर्च्या मांडायच्या आणि नंतर लोकांची बोलणी खायची हे काम माझ्याकडे आहे. ‘द लंचबॉक्स’ लावला त्याला तीन आठवडे झाले, पण लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी आणि व्हॉट्सॲपवर प्रश्न अजून येतच आहेत. तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी ‘इथून पुढे शेवट कळेल’ असं लिहिलंय तिथे थांबावं. नंतर तक्रार चालणार नाही.

गोष्ट काय आहे, थोडक्यात सांगा ना.

इला ही मुंबईतली एक गृहिणी. नवरा राजीव, शाळेत जाणारी मुलगी. नवऱ्याचं घरात लक्ष नाही, तेव्हा चांगलंचुंगलं करून घालावं आणि त्याला परत वळवावं असं तिच्या मनात आहे. ती जीव ओतून डबा करते, डबेवाला तो नेतो आणि देतो भलत्याच माणसाला. हा माणूस म्हणजे साजन फर्नांडिस. सरकारी कचेरीत दाव्यांचे हिशेब तपासणारा, निवृत्तीला टेकलेला विधुर. त्याचा डबा एरवी हॉटेलातून येतो. संध्याकाळी इलाकडे डबा चाटूनपुसून रिकामा परत येतो. ती हरखते. रात्री नवरा म्हणतो की फ्लॉवरची भाजी बरी होती. तिने फ्लॉवर केलेलाच नसतो.

दुसऱ्या दिवशी ती डब्यात चिठ्ठी घालते. मग चिठ्ठीला उत्तर येतं, उत्तराला चिठ्ठी जाते, आणि सिनेमा सुरू होतो.

कोणाचा सिनेमा, कोणत्या साली, भाषा कोणती?

लेखन-दिग्दर्शन रितेश बत्रा यांचं आणि हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. मे २०१३ मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक विभागात पहिल्यांदा दाखवला गेला, तिथे प्रेक्षकांच्या पसंतीचं पारितोषिक मिळालं. आपल्याकडे २० सप्टेंबर २०१३ ला लागला. लांबी १०४ मिनिटं. इरफान खान साजन, निमरत कौर इला, नवाजुद्दीन सिद्दीकी शेख, नकुल वैद राजीव, लिलेट दुबे इलाची आई.

भाषा मुख्यतः हिंदी. पण चिठ्ठ्या नीट ऐका. इला हिंदीत लिहिते आणि साजन इंग्रजीत. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळतं. मुंबईत हे इतकं नेहमीचं आहे की हॉलमधल्या कोणालाही ते खटकलं नाही.

याला रोमँटिक कॉमेडी कसं म्हणायचं? आम्ही तर रुमाल काढले.

मीही काढला. पण हसला होतात की नाही ते आठवा. इला पहिल्या चिठ्ठीत मनापासून आभार मानते आणि हा पठ्ठ्या उत्तरात मीठ जास्त झालं होतं एवढंच कळवतो. वरच्या मजल्यावरच्या आंटीला राग येतो. त्यांच्या सल्ल्याने दुसऱ्या दिवशी डब्यात अशी मिरची जाते की साजनला वर केळी खावी लागतात. दोन अनोळखी माणसांची ओळख मिठावरून आणि तिखटावरून होते. आपल्याकडे लग्नं जुळवायच्या बैठकीत यापेक्षा जास्त बोलतात असं नाही.

विनोदाची जात मात्र वेगळी आहे. साजन बायकोच्या कबरीशेजारी स्वतःसाठी जागा घ्यायला जातो, तर त्याला उभी जागा देऊ करतात. जन्मभर गाड्यांमध्ये उभं राहून काढलं आणि आता मेल्यावरही उभंच राहायचं, असं तो इलाला लिहितो. हॉलमध्ये इथे सगळे हसले आणि हसता हसता गप्प झाले. पुढच्या रांगेत विरार लोकलने तीस वर्षं जाणारे काका होते. ते एकटेच थोडा जास्त वेळ हसले.

इलाचा नवरा एवढा वाईट आहे का? मारत नाही, पीत नाही, घरात पैसे देतो.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. विचारणाऱ्यांत बायका जास्त होत्या, हेही सांगून ठेवते.

राजीव खलनायक नाही, आणि दिग्दर्शकाने त्याला मुद्दाम तसा केलेला नाही. तो ओरडत नाही. जेवताना मान खाली, हातात फोन. इला नवे कपडे घालून समोर येते, तो बघतो पण त्याला दिसत नाही. पुढे धुण्याच्या शर्टाला परका वास येतो आणि ती काय ते समजते. त्यावरून घरात भांडण होत नाही. ती शर्ट हुंगते, एवढंच आपण बघतो.

मला विचाराल तर त्या संसाराची अवस्था कळायला शर्टाचीही गरज नव्हती. फ्लॉवर पुरेसा होता. बायकोने काय रांधलं आणि आपण काय खाल्लं हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे या माणसाला दिवसेंदिवस कळत नाही. त्याची तक्रार काय, तर रोज फ्लॉवर नको, पोटात गॅस होतो. ज्यांनी वर्षानुवर्षं कोणासाठी तरी डबा भरलाय त्यांना हे वाक्य कुठे लागतं ते विचारू नका.

माझे वडील चर्चगेटला नोकरीला होते. संध्याकाळी चार पुडांचा डबा परत आला की आई तो उघडायच्या आधी कानाशी नेऊन हलवायची. आत काही वाजलं नाही तर पदराला हात पुसायची आणि चहा टाकायची. वाजलं तर तो आमटीचा पूड आहे की भाजीचा, हे तिला आवाजावरून कळायचं. रात्री वडिलांना ती काही विचारायची नाही. दुसऱ्या दिवशी ती भाजी नसायची. त्या दोघांमधलं निम्मं बोलणं त्या डब्याने केलं असेल. इलाच्या घरी तोही मार्ग बंद आहे, कारण तिचा डबा नवऱ्यापर्यंत पोचतच नाही आणि नवऱ्याला ते समजत नाही.

देशपांडे आंटी शेवटपर्यंत दिसत का नाहीत? आम्ही वाट बघत बसलो.

त्या दिसणारच नाहीत. आवाज भारती आचरेकर यांचा आहे, आणि नुसत्या आवाजावर त्यांनी निम्मा सिनेमा खाल्लाय. ज्यांनी ‘वागले की दुनिया’ बघितलंय त्यांना पहिल्या हाकेलाच ओळख पटते. माणिक वर्मांची लेक, तेव्हा सूर कुठे लावायचा हे सांगायला नको.

कल्पना किती साधी आहे बघा. खालच्या स्वयंपाकघराची खिडकी, वरच्या स्वयंपाकघराची खिडकी, मध्ये दोरीला बांधलेली टोपली. इला काय शिजवतेय हे आंटींना फोडणीच्या वासावरून वर कळतं आणि टोपलीतून हवं ते खाली येतं. गिरगाव-दादरच्या चाळींत वाढलेल्यांना हे नवीन नाही. वरून दोरी सोडून पाव घेणाऱ्या आज्या आपण पाहिल्यात.

त्यांचे यजमान अनेक वर्षं कोमात आहेत, डोळे छताच्या पंख्याला लावून पडलेले. पंखा थांबला तर काका जातील अशी आंटींना धास्ती. म्हणून पंखा कधी बंद होत नाही, आणि त्या तो चालू असतानाच पुसतात. हे इला चिठ्ठीत कळवते. पुसणार कसा, हात कापेल, असं आमच्याकडे कोणीतरी मोठ्याने म्हणालं. बाकीच्यांनी त्याला गप्प केलं.

आंटी दाखवल्या असत्या तर काका दाखवावे लागले असते, पंखा दाखवावा लागला असता, आणि मग ते नुसतंच दुःख झालं असतं. आवाजामुळे हसूही येत राहतं. शिवाय इलाच्या आयुष्यात तिचं ऐकणारी जी दोन माणसं आहेत, ती दोन्ही तिला दिसत नाहीत. एक वरच्या मजल्यावर, एक डब्यात.

डबेवाल्यांकडून खरंच अशी चूक होते का?

आमच्या सोसायटीत जुन्नर-आंबेगावकडची तीन घरं आहेत, त्यामुळे हा प्रश्न जरा तापला.

मुंबईत ही सेवा १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली. पुढे १९५६ मध्ये नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट या नावाने तिची नोंदणी झाली. माणसं बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या पट्ट्यातली, गळ्यात तुळशीची माळ असलेली. सिनेमा आला त्या काळात सुमारे ५,००० डबेवाले रोज दोनएक लाख डबे पोचवायचे. काम असं चालतं: सकाळी नऊ-साडेनऊला घरातून डबा उचलायचा, सायकलने स्टेशन गाठायचं, तिथे उतरायच्या स्टेशनप्रमाणे डबे लावायचे, लांब पाटीत भरून लगेजच्या डब्यात चढवायचे, पलीकडे दुसऱ्याने उतरवून घ्यायचे आणि एकच्या आत टेबलावर. दुपारनंतर हेच सगळं उलटं. एका डब्याला तीन-चार माणसांचे हात लागतात. कागद नाही, यादी नाही. झाकणावर रंगाने काढलेली खूण असते, तीत निघायचं ठिकाण, उतरायचं स्टेशन, इमारत आणि मजला सगळं आलं.

१९९८ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांच्यावर लेख छापला, २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटून गेले, २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर अभ्यासप्रकरण केलं. सिनेमात इला तक्रार करते तेव्हा डबेवाला तिला हार्वर्डचाच दाखला देतो. आमचा डबा चुकूच शकत नाही म्हणतो. चुकलेला डबा तिच्या समोर असतो, आणि तिला काही बोलता येत नाही.

आता चूक होते का? डबा क्वचित चुकतो, पण रोज तोच डबा त्याच ठिकाणी चुकणं अवघड. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बोंब मारतं आणि मुकादम निस्तरतो. सिनेमातली चूक टिकते, कारण बोंब मारायला कोणी नाही. राजीवला कळत नाही, साजनला हवंच असतं, आणि इला एकदा बोलून गप्प बसते. म्हणून जुन्नरवाल्यांना मी सांगितलं की बदनामी तुमची नाही, झाली असेल तर राजीवची. दोघांना पटलं. तिसरे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

एक गंमत. रितेश बत्रा आधी डबेवाल्यांवर माहितीपट करणार होते. त्यांच्याबरोबर फिरताना घराघरांतल्या गोष्टी कानावर पडल्या आणि माहितीपट बाजूला राहिला. सिनेमात डबे वाहणारी माणसं खरी डबेवालेच आहेत, त्यामुळे ते भाग बातमीपटासारखे खरे वाटतात.

साजन फर्नांडिस? ख्रिश्चन माणसाचं नाव साजन कसं?

मुंबईत कसंही असतं. पण नावाचा उपयोग बघा. इलाला नाव कळतं तेव्हा ती आंटींना ‘साजन’ची गाणी लावायला सांगते. १९९१ चा तो सिनेमा, ज्याच्या कॅसेटी तेव्हा रिक्षात, लग्नात, इस्त्रीवाल्याच्या टपरीत वाजत होत्या. वरच्या खिडकीतून गाणं खाली येतं आणि इला हसते. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा लाज दिसते ती इथे.

मोबाइल आहेत ना त्या काळात? मग चिठ्ठ्या कशाला?

मोबाइल आहेत, राजीवच्या हातातून तर सुटत नाही. पण हे दोघे दुसऱ्याच काळात राहतात. आंटींकडे कॅसेट आहे. साजनकडे बायकोने टेप करून ठेवलेले ‘ये जो है ज़िंदगी’चे भाग आहेत, १९८४ ची दूरदर्शनवरची मालिका. ती हे भाग बघत हसायची, आणि तिचं प्रतिबिंब त्याला टीव्हीच्या काचेत दिसायचं. आता तो रात्रभर ते बघत बसतो. हे त्याला एवढ्या उशिरा आठवतं ते इलाला लिहिताना.

फोनवर हे झालं नसतं. चिठ्ठी सकाळी जाते, उत्तर संध्याकाळी येतं, आणि पुढचं लिहायला रात्र मिळते. शिवाय चिठ्ठी पोळ्यांबरोबर येते. पोट भरलेल्या माणसाने लिहिलेलं उत्तर जरा बरं असतं.

लग्न झालेल्या बाईने परक्या माणसाला असं लिहावं का?

आमच्याकडे दोन तट पडले. मी निकाल देणार नाही, एवढंच दाखवते की दिग्दर्शकाने दोघांना एका चौकटीत समोरासमोर कधी आणलेलं नाही. काय घडलं म्हणून बोट दाखवायचं? एकाने मीठ कमी करायला सांगितलं, दुसरीने केलं.

शेखचा राग येतो. तो कशाला हवा होता?

पहिला अर्धा तास मलाही आला. साजनची जागा घेणारा हा माणूस गळेपडू, चुगलखोर वाटतो, आणि लोकलमध्ये ऑफिसच्या फायलीवर भाजी चिरतो. फायलींना कांद्या-लसणाचा वास. ‘माझी अम्मी म्हणायची’ असं म्हणत तो वाक्यं टाकतो, आणि मग कळतं की तो अनाथ आहे. अम्मीचं नाव घातलं की बोलण्याला वजन येतं, एवढंच. चुकीची गाडीही कधी कधी बरोबर ठिकाणी पोचवते, हे लोक स्टेटसला लावतात ते वाक्य त्याच अम्मीच्या नावावरचं. त्याच्या लग्नात त्याच्या बाजूने उभा राहायला एकटा साजन असतो, तो फोटो काढतात तिथे थांबून बघा. नवाजुद्दीनला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं, आणि ते रास्तच होतं.

लहान मुलांना दाखवावा का?

आक्षेपार्ह असं काही नाही, पण त्यांना कंटाळा येईल. आणि आत्महत्येचा उल्लेख दोनदा येतो. एका बाईने मुलीसह इमारतीवरून उडी मारल्याची बातमी आहे, ती ऐकून साजन कासावीस होतो आणि त्या दिवशी डब्याची वाट बघतो. डबा येईपर्यंतची ती मिनिटं मला दर वेळी जड जातात. आमच्याकडे दहाच्या आतली मुलं होती ती अर्ध्यात बाहेर बॅडमिंटन खेळायला गेली. तेच योग्य.

*इथून पुढे शेवट कळेल.*

साजन कॅफेत जातो, मग तिच्यासमोर का बसत नाही? भित्रा आहे का?

भेट ठरते माटुंग्याच्या इराण्याकडे. चित्रीकरण किंग्ज सर्कलच्या कूलर अँड कंपनीत झालंय, जाऊन बसता येईल अशी जागा आहे. इला तिथे कितीतरी वेळ एकटी बसून राहते. दुसऱ्या दिवशी ती रिकामा डबा पाठवते. काहीच नाही, चिठ्ठीसुद्धा नाही. रागवायची इतकी मराठी पद्धत हिंदी सिनेमात मी क्वचित पाहिली.

मग साजनचं उत्तर येतं. तो आला होता, लांबून बघत बसला होता. सकाळी आवरताना न्हाणीघरात त्याला आजोबांचा वास आला, आजोबा अंघोळ करून गेल्यावर यायचा तसा. नंतर गाडीत एका मुलाने त्याला अंकल म्हणून जागा दिली. समोर बसलेली इला तरुण आणि सुंदर होती. याला भित्रेपणा म्हणायचा असेल तर म्हणा. आमच्या हॉलमधल्या साठीच्या पुढच्या पुरुषांपैकी कोणीही म्हटलं नाही. इरफान त्या वेळी स्वतः पन्नाशीलाही पोचले नव्हते, हे सांगितल्यावर मात्र सगळे चकित झाले. खांदे आणि चष्मा, एवढ्यावर वय आणलंय.

इलाचे वडील जातात आणि आई पराठे खायचं बोलते. हे कसलं?

हा प्रश्न विचारणारी मुलगी पंचविशीतली होती. तिच्या आजीने तिथल्या तिथे उत्तर दिलं, ‘भूक लागते गं.’

लिलेट दुबेंचा हा एक प्रसंग. वर्षानुवर्षं कॅन्सरच्या नवऱ्याची औषधं, अंघोळ, नाश्ता केलेली बाई. हा गेला की आपलं काय होईल ही काळजी इतके दिवस होती आणि आज नुसती भूक लागलीये, असं ती सांगते. या सगळ्याची तिला किळस यायची, हेही. इला ऐकत असते. वरच्या मजल्यावर आंटी पंखा पुसतायत, इथे आई हे बोलतेय. तिला आपल्या पुढची वीस-तीस वर्षं दोन बाजूंनी दिसतात. सिनेमाचा कणा मला तरी हा प्रसंग वाटतो, पत्रं नव्हेत. इला घर सोडायचं ठरवते त्यात साजनचा वाटा आहेच, पण आईचा मोठा आहे.

भूतानच का?

मुलगी शाळेत शिकून येते की तिथे एकूण राष्ट्रीय उत्पादनाऐवजी आनंद मोजतात. शिवाय इलाच्या हिशेबाने आपला रुपया तिथे पाचपट चालतो. प्रत्यक्षात भूतानचं चलन रुपयाला बांधलेलं आहे, एकास एक. म्हणजे दागिने विकून निघालेल्या बाईचा हिशेबच चुकलाय. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, आता लिहून बसले.

शेवटी भेटतात की नाही?

दाखवलेलं नाही. साजन निवृत्त होऊन नाशिकच्या गाडीत बसतो आणि परत येतो. इला त्याच्या कचेरीत जाते, तिथे तिला शेख भेटतो. ती दागिने मोडून मुलीला घेऊन निघायच्या तयारीत. शेवटी साजन लोकलमध्ये डबेवाल्यांच्या सोबत असतो, ते टाळ्या वाजवत भजन म्हणतायत, आणि ज्या हातांनी इतके दिवस डबा आणला तेच आता त्याला तिच्या दाराशी नेणार आहेत. ती तेव्हा घरी असेल का, एवढाच प्रश्न उरतो. माझं मत दर वेळी बदलतं. या वेळी वाटलं, शाळा सुटायची वेळ झाली नव्हती, म्हणजे असेल.

एवढा चांगला होता तर ऑस्करला का गेला नाही?

त्या वर्षी भारताकडून ‘द गुड रोड’ हा गुजराती सिनेमा निवडला गेला आणि बराच गदारोळ झाला. बाफ्ताचं नामांकन मात्र पुढे मिळालं, इंग्रजीव्यतिरिक्त भाषेतल्या चित्रपटांच्या गटात.

पुन्हा लावणार का? आमचा अर्धा राहिला, गॅसवर कुकर होता.

दिवाळीनंतर लावू. कुकर उतरवून या.